सोमवारची मटकी

गोरक्षनाथ शेळके सरांचे आमच्या घरावर उपकार आहेत. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्यांच्यावर बरीच चिडणार आहे आणि वाचणाऱ्याला वाटायला नको की ही मुलगी कृतघ्न आहे. कृतघ्न मी नाही, तापट आहे. आई म्हणते, लोकांच्या नाकावर राग असतो, आमच्या शॅरनच्या रागावर नाक आहे.

आई म्हणजे मेरी साळवे. श्रीगोंद्याच्या अलीकडे, उसाच्या फडांमध्ये आमचं गाव आहे आणि गावातल्या हायस्कूलमध्ये आई पोषण आहार शिजवते. पाचवी ते आठवीच्या पोरांना दुपारी शाळेत जेवण मिळतं. ताटात वरण-भात असो की उसळ, सगळी शाळा त्याला खिचडीच म्हणते आणि आईला खिचडीवाल्या मावशी. नववी-दहावीला मात्र घरचा डबा. मागच्या वर्षी मी नववीत गेले आणि आईच्याच शाळेत बसून आईच्या हातचं गरम जेवण मला बंद झालं. खिडकीतून फोडणीचा वास यायचा आणि डब्यात सकाळची गार भाजी असायची. यावरूनही मी चिडलेलीच होते.

दिवाळीची सुट्टी संपली आणि आईच्या मागे बालंट लागलं.

सोमवार होता. सोमवारी मटकीची उसळ आणि भात, हे स्वयंपाकघराच्या भिंतीवर रंगवलेलंच आहे. जेवता जेवता सातवीतली काही पोरं ताट सोडून उठली आणि नळापाशी जाऊन ओकली. एका मुलीला चक्कर आली. मंगळवारी सगळे ठणठणीत. बुधवार, गुरुवार, काही नाही. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. शाळा समितीचे अध्यक्ष आसारामतात्या बुलेटवरून आले, त्यांनी तांदळाचं पोतं बदलायला लावलं, मटकी दुसऱ्या दुकानातून आणायला लावली. तिसऱ्या सोमवारी पुन्हा पोरं ओकली.

मग पोत्याचं आणि दुकानाचं नाव मागे पडलं आणि आईचं पुढे आलं. "मेरीच्या हाताचं पोरांना सोसत नाही," असं कुणीतरी पारावर बोललं आणि संध्याकाळपर्यंत ते सगळ्या गावाचं म्हणणं झालं. काही घरांतून पोरांना डबे यायला लागले. गंमत अशी की, त्या डबेवाल्यांतलीही दोघं-तिघं सोमवारी ओकली. त्यावर लोकांनी काय म्हणावं? "खिचडीच्या वासानं झालं." म्हणजे खाल्लं तर खाण्यानं आणि नाही खाल्लं तर वासानं. या गावात माझ्या आईला सुटका नव्हती.

आई भांडणारी बाई नाही. ती मटकी निवडून भिजत घालायची, मोड पाहायची, भांडी दोनदा घासायची. हात साबणानं इतके चोळायची की बोटं पांढरी पडायची. घरी तिनं स्वयंपाक माझ्याकडे दिला. मी विचारलं, "का गं?" तर म्हणाली, "तूच कर आता, लई दमले मी." माझ्या भाकरीचा आकार पाहून पप्पांनी टेम्पोच्या फेऱ्या वाढवल्या असाव्यात, रात्री ते बाहेरूनच जेवून येऊ लागले.

मंगळवारी समितीची बैठक ठरली. आईच्या जागी दुसरी बाई घ्यायची, एवढाच विषय.

त्याआधीच्या शुक्रवारी शेळके सर आम्हाला विज्ञान शिकवत होते. उंच, किडकिडीत माणूस, खिशाला पेन आणि हाताला कायम खडू. निरीक्षण म्हणजे काय आणि अनुमान म्हणजे काय, हे चाललं होतं. सर म्हणाले, "डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं, मोजून घेतलं, ते निरीक्षण. त्यावरून मनानं जे ठरवलं, ते अनुमान. आपण दोन्हींची खिचडी करतो."

खिचडी शब्द ऐकून मागच्या बाकावर कुणीतरी खिदळलं. माझं टाळकं सटकलं. मी उभी राहिले आणि म्हणाले, "सर, खिचडीत आसारामतात्यांची भावजय काहीतरी टाकते. तिला आईची जागा पाहिजे. मी पाहिलंय."

सरांनी खडू ठेवला.

"काय पाहिलंस? जेवढं पाहिलंस तेवढंच सांग."

"सोमवारी ती स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती. हातात पिशवी होती."

"पिशवीत काय होतं?"

"ते नाही दिसलं."

"तिनं पातेल्यात हात घातला?"

"नाही."

"मग दारात उभी बाई आणि हातात पिशवी, एवढं तुझं निरीक्षण. बाकीचं अनुमान. तुझ्या आईबद्दल लोक हेच करतायत, शॅरन. पोरं ओकताना दिसली, समोर ताट दिसलं, ताटामागे मावशी दिसली. पुढचं त्यांनी मनानं जोडलं. तूही तसंच जोडलंस, फक्त माणूस बदललास."

पिशवीत तिच्या पोराचा स्वेटर होता, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मात्र मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून मी खाली बसून चपलेचा पट्टा आवळत राहिले. शेजारी बसलेली माझी मैत्रीण मुबश्शिरा माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. सर बाकापाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "उद्या सकाळच्या शाळेत आपण शोधू. आधीच ठरवून नाही, शोधून."

शनिवारी परिपाठ झाल्यावर हेडमास्तरांना विचारून सरांनी सगळ्या शाळेला मैदानातच उभं ठेवलं. पाचवीच्या शेख बाईही त्यांची पोरं घेऊन आल्या. एका बाजूला कडुलिंब, दुसऱ्या बाजूला नळ.

"गेल्या सोमवारी ज्यांना मळमळलं किंवा उलटी झाली, त्यांनी कडुलिंबाकडे जा. ज्यांना काही झालं नाही, त्यांनी नळाकडे. लाजायचं नाही, हसायचं नाही. कुणी दुसऱ्याकडे बघून जायचं नाही."

गर्दी हलली. कडुलिंबाखाली मला वाटलं होतं त्यापेक्षा खूप जास्त पोरं जमली. आणि त्यांत मुबश्शिरा होती. मी तोंडावर हात ठेवला. ती माझ्या बाकावर बसते आणि मला ठाऊकच नव्हतं.

"आता कडुलिंबाखालच्यांपैकी ज्यांनी त्या दिवशी खिचडी खाल्ली नव्हती, त्यांनी पुढे या."

आधी कुणी हललं नाही. मग मुबश्शिरा पुढे आली. तिच्यामागून दहावीच्या मुली आल्या. मग डबेवाली सातवीची पोरं. बघता बघता एक मोठी रांग झाली, आणि तिच्यातल्या एकाच्याही पोटात आईच्या हातचा एक घास गेलेला नव्हता.

सरांनी मुबश्शिराला विचारलं, "तू सांगितलं का नाहीस?"

"सर, अम्मी म्हणाली असती तब्येत बरी नाही, घरी बस. आणि सगळे खिचडीच म्हणत होते. मला वाटलं, माझं काहीतरी वेगळं आहे."

दहावीच्या मुलींनीही माना हलवल्या. प्रत्येकीला वाटत होतं की आपलं काहीतरी वेगळं आहे.

नळाकडे पाहिलं तर पाचवीचा अख्खा वर्ग तिथे उभा होता. त्याच पातेल्यातली मटकी, तोच भात, वर मागून घेऊन खाल्लेला, आणि पोरं धडधाकट एकमेकांना ढकलत होती.

"म्हणजे ज्यांनी खाल्लं ते बरे, आणि ज्यांनी नाही खाल्लं ते आजारी," मी ओरडले. "सर, आईचा काही संबंध नाही!"

"घाई करू नकोस. खिचडीनं झालं म्हणणाऱ्यांना याचं कारण देता येणार नाही, इतकंच कळलं. मग कशानं? काय विचारायचं राहिलंय?"

मी डोकं खाजवलं. "कधी सुरू झालं, ते विचारू?"

विचारलं. तिसऱ्या तासाला, मुली म्हणाल्या. कुणी म्हणालं, दुसऱ्याच तासाला पोटात ढवळायला लागलं होतं. जेवणाची सुट्टी तर चौथ्या तासानंतर होते. पोरं जेवायला बसायची तेव्हाच त्यांना मळमळत असायचं, घास बघून ती ओकायची, आणि बघणाऱ्याला ओकणं आणि ताट एवढंच दिसायचं.

"सोमवारी सकाळी घरून काय खाऊन आलात?"

कडुलिंबाखालून उत्तर आलं, "चहा." वस्तीवरची पोरं ती, आईबाप पहाटेच कांद्याच्या नाहीतर उसाच्या रानात जातात. नळाकडच्या मोठ्या पोरांनी भाकरी, शिळी चपाती, पोहे सांगितलं.

"चहानंतर, जेवणाच्या आधी, पोटात आणखी काय गेलं?"

मुबश्शिरानं माझ्याकडे पाहिलं, मग सरांकडे, मग जमिनीकडे. "गोळी, सर."

आमच्या शाळेत दर सोमवारी रक्तवाढीची लोहाची निळी गोळी देतात. दिवाळीआधी ती एक बाई जेवणानंतर द्यायच्या. पोरं हात धुवायला म्हणून पसार व्हायची आणि नळामागच्या गटारीत निळ्या गोळ्यांचा सडा पडायचा. सुट्टीनंतर गोळ्यांचं काम शेळके सरांकडे आलं. सरांनी ठरवलं की गोळी परिपाठातच द्यायची, सगळे रांगेत असतात तेव्हा, आपल्या डोळ्यांसमोर. एकही गोळी वाया जात नाही, म्हणून हेडमास्तरांनी त्यांचं कौतुकही केलं होतं.

सर शेख बाईंकडे वळले. "पाचवीला तुम्ही कधी देता?"

"आमची गोळी लहान असते, पण मी जेवल्यावरच देते, सर," बाई म्हणाल्या. "पोरांना बसवूनच ठेवते मी."

मी सरांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांच्या हातात खडू होता आणि तो त्यांनी बोटांनी कुस्करला. सगळी शाळा उन्हात उभी होती. सर एवढंच म्हणाले, "हेही अजून अनुमानच आहे. सोमवारी तपासू." मग बाजूला जाऊन त्यांनी आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टरना फोन लावला. सिस्टर पलीकडून इतक्या मोठ्यानं बोलत होत्या की आम्हालाही ऐकू आलं, "रिकाम्या पोटी? अहो, मळमळणारच ना!"

शाळा सुटल्यावर सर स्वयंपाकघरात आले आणि आईला सगळं सांगितलं, आपलं नाव घेऊन सांगितलं. आई ऐकत राहिली. मग तिनं पदराला हात पुसले.

"सर, सोमवारी मटकी नगं. मी साधा वरण-भात टाकते. पोरास्नी सोसंल. मंगळवारी मीटिंग हाय, उगं इषाची परीक्षा कशाला?"

खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. एक सोमवार निभावला की झालं.

"मावशी, वरण-भात केला आणि पोरं बरी राहिली, तर लोक काय म्हणतील?"

आई म्हणाली, "म्हनतील, मटकीनंच व्हत हुतं. मेरीला मटकी करता येत न्हाई."

"म्हणून मटकीच करायची. तीच मटकी, तेच पातेलं, तुमचाच हात. बदलायची ती फक्त गोळीची वेळ. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशानं फरक पडला, ते तुम्हालाही कळणार नाही आणि मलाही नाही."

"आन् तरीबी पोरं वकली तर?"

"तर मी चुकलो. मग पुन्हा शोधायचं."

"तुमी शोधाल, सर. माजं काम तवर जाईल."

सर खाली मान घालून उभे राहिले. आईनं चुलीवरचं, म्हणजे गॅसवरचं, रिकामं पातेलं उचललं, उगाचच उलटं करून पाहिलं आणि म्हणाली, "घालते भिजत." माझी आई घाबरट आहे असं मला वाटायचं. त्या दिवसापासून वाटत नाही.

सोमवारी परिपाठात गोळी नव्हती. तिसरा तास झाला, कुणी पोट धरलं नाही. चौथा झाला. सुट्टीत पंगत बसली आणि मी माझा डबा न उघडता व्हरांड्यात उभी राहिले. आसारामतात्या मुद्दाम आले होते. सर पोरांच्या ओळीतच मांडी घालून बसले आणि त्यांनी ताट पुढे केलं. आई वाढत होती, पण तिचं लक्ष पोरांच्या तोंडांकडे होतं, उसळीचा रस्सा सरांच्या पँटवर सांडला.

पोरं जेवली. मग गोळ्या वाटल्या. एकेकाला तोंड उघडायला लावून सरांनी आणि शेख बाईंनी पाहिलं. पाचव्या तासाची घंटा झाली आणि तेवढ्यात पाचवीतला अंगद वर्गातून पळत सुटला आणि कडुलिंबाखाली भडाभडा ओकला.

आई स्वयंपाकघराच्या दारातच खाली बसली. आसारामतात्या म्हणाले, "घ्या. झालं विज्ञान." मी अंगदला तिथेच बदडला असता, पण सर आधी पोचले. त्यांनी त्याला पाणी पाजलं, मग खाली वाकून जमिनीकडे बघायला लागले.

"शॅरन, इकडे ये. काय दिसतंय तेवढंच सांग."

मी नाक धरून पाहिलं. "बोरं आहेत, सर. सालीसकट. काही तर अख्खीच."

अंगदनं दोन्ही खिसे उलटे केले. शाळेमागच्या बोरीखाली सकाळपासून त्यानं जे वेचलं होतं त्यातलं निम्मं अजून खिशात होतं. तात्यांनासुद्धा हसू आवरलं नाही. तरी सर म्हणाले, "याचीही नोंद ठेवायची. आपल्याला नको म्हणून झाकायचं नाही." त्या दिवशी शाळेत दुसरं कुणी ओकलं नाही. मुबश्शिरा सगळ्या तासांना माझ्याशी बडबडत बसली आणि दोघींनी बोलणी खाल्ली.

शाळा सुटल्यावर मी आईबरोबर भांडी विसळत होते. तात्या आणि सर बाहेर बोलत होते, त्यांचं बोलणं आत ऐकू येत होतं.

"मेरीचं काम राहील, सर. उद्या मी मीटिंगमध्ये सांगतो, पाणी खराब झालं हुतं म्हणून. गोळ्यांचं नाव काढू नका. लोक पोरांना गोळ्या घेऊ द्यायचे न्हाईत. आन् तुमच्याबी नोकरीला उगं डाग कशाला?"

मला वाटलं, हो म्हणतील. कुणीही म्हटलं असतं.

"तात्या, गोळी चांगली आहे, वेळ चुकीची होती, हे नीट सांगितलं तर लोक ऐकतील. आणि पाण्यावर ढकललं तर मावशींचं नाव साफ कसं होणार? लोक म्हणतील, तात्यांनी सांभाळून घेतलं."

मंगळवारी परिपाठाला समिती होती, पालक होते. सरांनी माईक घेतला. "तुमची मुलं माझ्यामुळे आजारी पडली," ते म्हणाले. "गोळी मी रिकाम्या पोटी दिली. गोळ्या वाया जात नाहीत एवढंच मी पाहिलं, आणि सगळं चांगलं चाललंय असं मनानंच ठरवलं. मी विज्ञान शिकवतो आणि मीच तपासून पाहिलं नाही. मेरीमावशींच्या जेवणात काहीही दोष नव्हता. मावशी, मी सगळ्यांसमोर तुमची माफी मागतो." गर्दीतला एक बाप चार शब्द वाईट बोलला, तेही त्यांनी हात जोडून ऐकून घेतलं.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

संध्याकाळी घरी जाताना मात्र माझा बांध फुटला. "म्हणजे सगळं त्यांच्यामुळंच झालं! तू हात चोळून चोळून सोलून घेतलेस, गावानं काय काय बोलून घेतलं, आणि त्यांनी माफी मागितली की संपलं? आणि तू गप्प!"

आई उसाच्या कडेनं चालत होती. ती थांबली.

"शॅरे, सरांनी झाकलं असतं, तरी माजं काम ऱ्हायलंच असतं. पगार ऱ्हायला असता. तात्या द्यायलाच निगाले हुते. पर मी मरूस्तवर हेच समजून चालले असते, की माज्याच हातात कायतरी हाय. मी तुमास्नी सुदिक खाऊ घालायला भ्यायले हुते गं."

तेव्हा मला कळलं की ती दमली नव्हती. तिनं घरातला स्वयंपाक माझ्याकडे दिला होता, हे मी रोज पाहत होते आणि का, ते रोज चुकीचं समजत होते. मी तिचा हात धरला, आणि ती म्हणाली, चल लवकर, पप्पांना आज गरम जेवू घालू.

सरांच्या त्या चुकीचा मला अजूनही राग येतो, तो जाणार नाही. पण तेव्हापासून झोपायच्या आधीच्या प्रार्थनेत आई शेळके सरांचं नाव घेते, त्यांच्या बायकोपोरांसकट, आणि तिचं झालं की आमेन मी म्हणते, घरात सगळ्यांत मोठ्यानं.